तीन कोटेशनांची बॅग

एकतीस वर्षं सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात काढलेल्या माणसाला ‘एक बरीशी बॅग बघा’ असं सांगितलं की पुढे काय होतं, हे अहल्याबाईंना पक्कं ठाऊक होतं. तेहतीस वर्षं त्या त्याच माणसाबरोबर संसार करत होत्या.

रत्नाकरराव राजाजीनगरचे. कारखान्याने त्यांच्या हातून नट, बोल्ट, वंगणतेल, कँटीनच्या ताटल्या आणि एकदा तर मोठ्या साहेबांच्या कुत्र्याचा पट्टाही विकत घेतला होता. प्रत्येक वस्तूसाठी तीन कोटेशनं, प्रत्येक कोटेशनाचा तक्ता, आणि तक्त्यात ज्याचा भाव सर्वांत कमी त्याला ऑर्डर. अशा कमी भाववाल्याला त्यांच्या खात्यात एल-वन म्हणत. लोक कुलदैवताचं नाव ज्या आवाजात घेतात, त्या आवाजात रत्नाकरराव एल-वन म्हणत. कुत्र्याचा पट्टा कुत्र्याला बसला नाही, ही गोष्ट वेगळी. तक्रार करायला कुत्रा खरेदी विभागात आला नाही, त्यामुळे फाइलवर ती नोंद नाही.

निवृत्त होऊन त्यांना आठ महिने झाले होते. पहिल्या महिन्यात त्यांनी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात स्वैपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले, आणि सात नंबरात मूग की मटकी यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी भांडीवालीला कुठलं भांडं कशानंतर घासावं याच्या लेखी सूचना दिल्या. तिने त्या वाचल्या नाहीत, तिला वाचता येत नव्हतं, पण कागद बघूनच ती काम सोडून गेली. चौथ्या महिन्यापासून साहेब स्वैपाकघरातल्या खुर्चीत बसून असत. अकरा अकरा वाजेपर्यंत दाढी नाही, अंघोळ नाही, आणि कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष. एखादी शिट्टी जास्त झाली की ते तसं सांगत. अहल्याबाईंची सहकारी बँकेतली नोकरी अजून दोन वर्षं शिल्लक होती. सकाळी साडेनऊला घराबाहेर पाऊल टाकताना त्यांचा चेहरा जितका प्रसन्न असे तितका तो त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

रत्नाकररावांचं दुःख तसं साधं होतं. आपण कुणाला तरी लागतो, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. एकेकाळी त्यांची सही झाल्याशिवाय कारखान्यात झाडूसुद्धा येत नसे. आता घरात झाडू आला, झिजला, नवा आला, आणि कुणी त्यांना विचारलंही नाही. हे ते बोलून दाखवत नसत. बोलून दाखवायची गरजच नव्हती, इतकं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

अशात एका सोमवारी संध्याकाळी अहल्याबाई बँकेतून आल्या आणि पर्स खुंटीला लावता लावता म्हणाल्या, “मी ट्रेकिंगला चाललेय. चिकमगळूरच्या डोंगरात. तीन दिवस. दोन रात्री तंबूत.”

रत्नाकररावांनी कुकरवरची नजर काढली. छप्पन्न वर्षांची आपली बायको, जिला देवळाच्या पायऱ्या चढताना गुडघा दुखतो, ती तंबूत झोपणार, हे वाक्य त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

“कोण नेतंय?”

“संयोगिता म्हणून मुलगी आहे. नागपूरची, इथे एचएसआर लेआउटमध्ये राहते, कॉम्प्युटरची नोकरी करते आणि सुट्टीत बायकांना डोंगर चढवते. आम्ही बाराजणी आहोत.” आणि पुढचा प्रश्न नवऱ्याच्या ओठांवर यायच्या आत त्यांनी उत्तर देऊन टाकलं, “बायकांचाच गट आहे.”

“असू दे की. मला कुठे यायचंय.”

“पाठीवरची मोठी बॅग लागते म्हणे. स्वस्तातली हवी, पण स्वल्प बरी. ते तेवढं तुम्ही बघाल का? पंचवीस दिवस आहेत.”

रत्नाकरराव खुर्चीत सरळ होऊन बसले. असे ते आठ महिन्यांत बसले नव्हते.

“लेखी मागणी दे,” ते म्हणाले.

अहल्याबाईंनी विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर ‘एक बॅग’ असं लिहून खाली सही केली. रत्नाकररावांनी त्यावर तारीख घातली, आवक क्रमांक एक असा टाकला, आणि त्या रात्री कुकरला चारऐवजी पाच शिट्ट्या झाल्या तरी घरात कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रत्नाकरराव अंघोळ, दाढी आणि संध्या आटोपून इस्त्रीच्या शर्टात टेबलाशी हजर होते. नियमाप्रमाणे आधी समिती हवी. म्हणून त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या भीमाचार्यांना बोलावून घेतलं. भीमाचार्य त्याच कारखान्याच्या ऑडिट विभागातून निवृत्त झालेले. रत्नाकररावांनी केलेल्या प्रत्येक खरेदीवर आक्षेप काढण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर एकमेकांशिवाय दोघांना करमत नव्हतं. समितीचे तिसरे सदस्य म्हणून मागणी करणाऱ्या विभागाचा प्रतिनिधी असावा लागतो. म्हणजे अहल्याबाई. त्या बँकेत गेल्या असल्यामुळे त्यांच्या नावापुढे ‘परवानगीने गैरहजर’ असं लिहिलं गेलं, आणि पुढच्या एकाही बैठकीत ते बदलायची वेळ आली नाही.

पहिल्या बैठकीत बॅग केवढी असावी हे ठरायचं होतं. मोबाइलवर दाढीवाली तरुण मुलं डोंगराच्या कड्यावर उभी राहून सांगत होती की तीन दिवसांना पन्नास लिटरची बॅग पुरते.

“लिटर?” भीमाचार्य म्हणाले. “राव, कापडाची वस्तू लिटरमध्ये कशी मोजणार? उद्या सतरंजी मीटरऐवजी किलोने घ्याल. माझा आक्षेप नोंदवा.”

आक्षेप नोंदवला गेला. मग दोघांनी न्हाणीघरातली वीस लिटरची बादली आणली, ती अडीच वेळा डोळ्यांसमोर आणली, आणि एवढं सामान बाईमाणूस डोंगरावर कशाला नेईल याची चर्चा जेवणापर्यंत केली. बाईमाणसाला फोन करून विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. तिची लेखी मागणी फाइलला होतीच की.

चार दिवसांत अकरा कलमांचा मसुदा तयार झाला. कापड पाणी न शिरणारं असावं. चेन दुहेरी असावी. पट्ट्यांना जाड गादी असावी. पावसाचं आवरण सोबत मिळावं. कलम नऊमध्ये शिट्टी होती, कारण मोबाइलमधल्या एका पोराच्या बॅगेला छातीच्या पट्ट्यावर शिट्टी होती आणि शिट्ट्यांच्या बाबतीत रत्नाकरराव आता जाणकार होते. बॅग कुणाच्या पाठीवर बसणार आहे, याबद्दल अकरा कलमांत एक अक्षर नव्हतं.

मग कोटेशनं. पहिलं कोटेशन आणायला ते एचएसआर लेआउटमधल्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथे भिंतभर बॅगा टांगलेल्या, आणि अनुषा नावाची एक चटपटीत बाई विक्रीला होती. रत्नाकररावांनी तिच्यासमोर मसुदा ठेवला. तिने तो खरंच वाचला, याबद्दल तिला दोन मार्क द्यायला हवेत.

“यारिगे सर? कुणासाठी घ्यायचीय?”

“मिसेससाठी.”

“मग मॅडमना घेऊन या ना सर. पाठ मोजावी लागते.”

“उंची पाच फूट एक इंच. लिहून घ्या.”

“उंची नाही सर, पाठ. मानेचं हे हाड असतं ना, तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत.” तिने स्वतःच्या मानेवर आणि कमरेवर बोट ठेवून दाखवलं. “ओझं खांद्यावर घ्यायचं नसतं. कमरेवर घ्यायचं असतं. पट्टा कमरेच्या हाडावर बसला नाही, तर कितीही महागाची बॅग घ्या, मॅडम दुसऱ्या दिवशी रडतील.”

“ज्याला वस्तू हवी असते त्याला आम्ही बाजारात नेत नाही,” रत्नाकरराव शांतपणे म्हणाले. “पद्धत नाही ती.”

अनुषाने असलं गिऱ्हाईक पूर्वी बघितलं नसावं. पण दुकानदारीत वाद घालून चालत नाही. “सरी सर, ठीक आहे,” ती म्हणाली. “मग तुम्हीच लावून बघा.”

तिने त्यांच्या पाठीवर बॅग चढवली, कमरेचा पट्टा आवळला, खांद्यांचे पट्टे ओढून सारखे केले आणि छातीवरचं बक्कल लावलं. आरशात एक सरळ उभा असलेला, कुठेतरी निघालेला माणूस दिसला. रत्नाकररावांना तो ओळखीचा वाटला, पण बऱ्याच दिवसांनी भेटलेला. ते दोन मिनिटं तसेच उभे राहिले. त्यांना बरं वाटत होतं, उगीच नाकारण्यात अर्थ नाही. किंमत ऐकल्यावर मात्र त्यांनी बॅग घाईने उतरवली. सहा हजार आठशे.

दुसरं कोटेशन मॅजेस्टिकच्या फूटपाथवरचं. नऊशे रुपये, आणि विक्रेता आठशेला तयार. तपासणीत चेन ओढली ती हातात आली. विक्रेत्याने सांगितलं की हवेशीर राहायला ते बरंच. तिसऱ्यासाठी ते दोन बस बदलून होसकोट्याला गेले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत बॅगा शिवणारा एक कारखाना होता, आणि त्याच्या फाटकाशी किरकोळ दोष असलेला माल विकायची एक खोली. त्या बॅगेला रत्नाकररावांची अकराच्या अकरा कलमं होती, शिट्टीसकट. दोष एवढाच की कंपनीच्या छापातला डोंगर उलटा शिवला गेला होता, शिखर खाली आणि पायथा वर. दोन हजार एकशे पन्नास.

“छापाबद्दल मसुद्यात काही नाही,” रत्नाकररावांनी घरी येऊन समितीला सांगितलं.

“पण एल-वन फूटपाथवाला आहे,” भीमाचार्य म्हणाले. “कमी भाववाला सोडून तुम्ही वरच्याला देताय. माझा आक्षेप.”

या आक्षेपाला रत्नाकररावांनी चार पानी उत्तर लिहिलं. दोघांनी ते मोठ्याने वाचलं, दोघांना ते आवडलं, आणि भीमाचार्यांनी निवृत्तीनंतर प्रथमच एक आक्षेप मागे घेतला.

बॅग आली. मग चाचण्या. आत वर्तमानपत्रं कोंबून बॅग शॉवरखाली अर्धा तास ठेवली, आणि वर्तमानपत्रं कोरडी निघाल्यावर दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं. रिकामी बॅग आधी भीमाचार्यांच्या पाठीला लावून बघितली, मग वजनाची चाचणी. डबा क्रमांक चारमधले तांदूळ आणि पाचमधली तूरडाळ असे मिळून दहा किलो आत भरले, आणि रत्नाकरराव रोज सकाळी ते पाठीवर घेऊन पार्कात दहा फेऱ्या मारू लागले. ओळखीचे लोक थांबवून विचारत, “कुठे लांब निघालात का?” “चाचणी चाललीय,” ते म्हणत आणि पुढे जात. आठवड्याभरात पार्कातल्या लोकांना त्यांचं नाव माहीत झालं. एका निवृत्त कर्नलने तर ती स्वतःच्या पाठीला लावून घेतली आणि पट्टा कसा आवळावा यावर त्यांचा सल्ला घेतला. कमरेच्या हाडावर पट्टा कसा चपखल बसायला हवा, हे ते आता तावातावाने समजावून सांगत, आणि आपल्याच कमरेवर दाखवत.

संध्याकाळी अहल्याबाई आल्या की त्यांना दिवसभराचा अहवाल मिळे. त्या चहा घेत घेत ऐकत, मधूनमधून “हो का” म्हणत, आणि जेवताना नवऱ्याच्या भातावर सारूचा एक डाव जास्त घालत. रत्नाकरराव तो आनंदाने जेवत आणि साडेनऊला गाढ झोपत. डब्यांच्या नंबरांकडे त्यांनी आठवडाभर बघितलंही नव्हतं. बॅग मात्र ते आपल्या खोलीत कपाटावर, पावसाच्या आवरणात झाकून ठेवत. तपासणी पुरी होईपर्यंत माल मागणी करणाऱ्याच्या हाती द्यायचा नसतो.

विसाव्या दिवशी रविवार होता. निघण्याआधीची बैठक संयोगिताच्या घरी, एचएसआरला. रत्नाकरराव म्हणाले, “मीही येतो. माल तिथेच सुपूर्द करतो.” अहल्याबाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी तोंड उघडलंही, पण नवरा तोवर बूट घालून दारात उभा होता, निळ्या आवरणातली बॅग छातीशी धरून. मेट्रोत त्या वाटभर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

संयोगिताचा हॉल बायकांनी भरला होता. एका कोपऱ्यात आठ-दहा बॅगा ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. रत्नाकररावांना खुर्ची मिळाली, कॉफी मिळाली. बोलायची वेळ आली की कुठून सुरुवात करायची हे त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. आधी कापड, मग चेन, मग शॉवर, आणि डोंगर उलटा का आहे ते शेवटी, हसत हसत.

“अहल्याकाकू, तुमची बॅग रेडी आहे,” संयोगिता ओळीतली एक लाल बॅग उचलत म्हणाली. “तुमची पाठ पंधरा इंच भरली होती ना, तसा बेल्ट सेट करून ठेवलाय. एकदा घालून बघा. भाडं तुम्ही आधीच दिलंय, त्यामुळे तो प्रश्नच नाही.”

रत्नाकररावांनी कप खाली ठेवला आणि निळ्या आवरणातली बॅग मांडीवर ओढून घेतली.

“काका, ती पण बॅग आहे का?” संयोगिताने विचारलं. तिचा काही दोष नव्हता, तिला खरंच बघायची होती. “अरे वा. दाखवा ना.”

आवरण निघालं. बायकांनी बॅग हाताळली, चेन ओढून बघितली, शिट्टी वाजवून बघितली. दोन हजारात एवढी चांगली बॅग कुठे मिळाली, असं तिघींनी विचारलं. मग कुणीतरी म्हणालं, घाला की काकू. अहल्याबाई नको नको म्हणत असताना त्यांच्या पाठीवर ती चढली. कमरेचा पट्टा मांड्यांवर आला. बॅगेचं वरचं टोक डोक्याच्या मागे इतकं उंच गेलं की त्यांना मान वर करता येईना. त्यांनी एक पाऊल टाकलं आणि पट्टा दोन्ही पायांत अडकला. बायका हसल्या. वाईट मनाने नाही, पण हसल्या.

“बॅग मस्तच आहे काका,” संयोगिता म्हणाली. “फक्त ही काकूंच्या पाठीची नाही. तुमच्या पाठीची आहे.”

रत्नाकररावांनी बॅग परत आवरणात घातली. आवरणाची दोरी नीट ओढून गाठ मारली. बैठक आणखी तासभर चालली, टॉर्च, मोजे, जळवा, सगळ्यावर बोलणं झालं.

परतताना सिल्क बोर्डला मेट्रोत बसायला जागा मिळाली. बॅग दोघांच्या मध्ये होती. आर. व्ही. रोडला गाडी बदलली. मग रत्नाकररावांनी समोरच्या दाराकडे बघत विचारलं, “भाड्याची बॅग कधी ठरवलीस?”

“त्याच सोमवारी. संयोगिता बँकेत फॉर्म घेऊन आली होती, तिथेच माप घेतलं तिने.”

“म्हणजे मला सांगितलंस त्याच्या आधी.”

“आधी.”

“मग मला कशाला सांगितलंस?”

“पाच महिने तुम्ही माझ्या स्वैपाकघरात बसला होता,” अहल्याबाई म्हणाल्या. “मला कुकर लावायची भीती वाटायला लागली होती. तुम्हाला काम हवं होतं. माझ्याजवळ द्यायला एवढंच होतं.”

“मला खेळवलंस.”

“हो. आणि तुम्ही खूश होता, सकाळी सातला तयार होऊन बसत होता. ते बघायला मला आवडत होतं. दोन्ही खरं आहे.”

“आणि मी आणलेली बॅग तुला बसली असती तर?”

“तर तीच नेली असती. भाड्याची परत देता येते.” आता त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. “पण वीस दिवसांत तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की ये, पाठीला लावून बघ. मी रोज वाट बघत होते. पार्कातल्या कर्नलच्या पाठीला लावलीत, भीमाचार्यांच्या पाठीला लावलीत.”

रत्नाकररावांना आठवण झाली ती पद्मनाभ नावाच्या एका माणसाची. पद्मनाभ त्यांच्याच विभागातले जुने कारकून. विभागात कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांना द्यायला काम उरलं नव्हतं. म्हणून साहेबांनी युक्ती काढली. ज्या खरेदीची ऑर्डर जाऊन महिना झालाय, त्या खरेदीचे भाव पद्मनाभांकडे द्यायचे आणि तक्ता करायला सांगायचं. त्या फाइली त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं काम रत्नाकररावांचं होतं. पद्मनाभ सुंदर अक्षरात तक्ता करत, कमी भावाखाली पट्टीने लाल रेघ मारत, आणि संध्याकाळी तो स्वतः आणून देत. रत्नाकरराव “उत्तम” म्हणत आणि कपाटात टाकत. निरोपसमारंभात पद्मनाभ उभे राहून म्हणाले होते, की माझ्या तक्त्यांनी कारखान्याचे लाखो रुपये वाचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सर्वांत जोरात रत्नाकररावांनी.

राजाजीनगर आलं तेव्हा ते उतरायचं विसरले. अहल्याबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना दाराकडे नेलं.

पुढचे चार दिवस रत्नाकरराव रागावले होते, आणि राग नेमका कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. भीमाचार्य आले तेव्हा त्यांना झालं ते कळलं, आणि त्यांनी आक्षेप घेतला नाही, हे त्यांच्यापरीने केलेलं सांत्वन होतं. सवयीने रोज सकाळी सातला अंघोळ, दाढी होत होती. पुढे काय करायचं हे मात्र ठरलेलं नव्हतं. स्वैपाकघरात ते गेले नाहीत. गुरुवारी डाळ करपली तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत वास आला, आणि त्यांनी उठून तिथली खिडकी उघडली.

शुक्रवारी पहाटे सहाला गल्लीच्या तोंडाशी गाडी यायची होती. अहल्याबाई बूट घालत होत्या, तर रत्नाकररावांनी त्यांची लाल बॅग उचलून स्वतःच्या पाठीवर घेतली. गल्ली काही लांब नाही, दोनशे पावलं. पन्नासाव्या पावलाला पट्टा त्यांच्या बरगड्यांत रुतायला लागला. शंभराव्याला खांदे भरून आले. त्यांनी एकदा थांबून पट्टा खाली ओढून बघितला, तो खाली येईना. ती त्यांच्यासाठी लावलेलीच नव्हती. कोपऱ्यावर पोचून बॅग उतरवली तेव्हा त्यांनी बरगड्या चोळल्या, आणि अहल्याबाईंनी ते बघितलं. मग त्यांनी ती बायकोच्या पाठीवर चढवली. बक्कल लावायला ते खाली वाकले. पट्टा कमरेच्या हाडावर बरोब्बर बसला.

गाडी आली. आतून बायकांचा आवाज येत होता. एक पाय पायरीवर ठेवून अहल्याबाई थांबल्या.

“पुढच्या महिन्यात परत जायचं म्हणतेय संयोगिता,” त्या म्हणाल्या. “त्याला डोंगरावरचे बूट लागतील, हे चालणार नाहीत. बघाल?”

रत्नाकररावांनी त्यांच्याकडे बघितलं. “घेतले असशील.”

“नाही घेतले.”

“माप देऊन आली असशील कुठेतरी.”

“नाही दिलं. तुमची शपथ.”

गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. रत्नाकररावांनी सवयीने खिशातून पेन काढलं आणि तळहात पुढे केला. “सांग मग. काय माप तुझ्या पायाचं?”

तेहतीस वर्षं अहल्याबाई नवऱ्याने आणलेल्या चपला घालत होत्या, आणि प्रत्येक जोड एक बोट मोठा होता. नव्या चपलेत कापूस भरून त्या पहिल्या दिवशी देवळात जात आणि “छान आहे” म्हणत.

“माप सांगत नाही,” त्या म्हणाल्या. “मी येणार दुकानात. पाय माझे आहेत.”

एकतीस वर्षांच्या नोकरीतला एकही नियम रत्नाकररावांना त्या क्षणी आठवला नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“ये,” ते म्हणाले.